गाठीला चार पैसे आणि रात्रीची झोप

मीरा_सहकारनगर (धागाकर्ती)

मंडळी, सहकारी बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी पर्वतीच्या पायथ्याच्या एका वस्तीतल्या तीन बचत गटांचे हिशेब लिहून देते. समाजसेवा वगैरे काही नाही. आकडे जुळवल्याशिवाय मला करमत नाही, एवढंच. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी चार वाजता अंगणवाडीच्या खोलीत सतरंजी पडते, मी वही उघडते.

यातल्या एका बाईबद्दल लिहायचं आहे. सगळे तिला आक्का म्हणतात, मीही म्हणते. चार घरची धुणीभांडी. नवरा मार्केट यार्डात हमाल, पाठीच्या दुखण्यामुळे महिन्यातले निम्मे दिवस घरी. आक्का दरमहा दोनशे रुपये भरते. माझी वही पाहायच्या आधी ती स्वतःचं पासबुक काढते. साडीच्या दुकानाची एक पिवळी प्लास्टिकची पिशवी आहे, तिच्यात रेशन कार्ड, आधारची झेरॉक्स, गोळ्यांची दोन रिकामी पाकिटं आणि हे पासबुक. मग दर महिन्याचा ठरलेला प्रश्न: "ताई, माझं किती झालं वो?" आकडा तिला तोंडपाठ असतो. तरी विचारते. या महिन्यात मी सांगितलं, अकरा हजार तीनशे चाळीस.

आता गंमत ऐका. गेल्या जूनमध्ये मुलाच्या अकरावीच्या प्रवेशासाठी तिला पाच हजार हवे होते. मी म्हटलं, "आक्का, तुमचेच आहेत की. त्यातले काढा. गटाचं कर्ज घेऊन दोन टक्के व्याज कशाला भरताय?" महिन्याला दोन टक्के म्हणजे पहिल्याच महिन्यात शंभर रुपये. चाळीस वर्षं बँकेत काढलेल्या बाईला हे बघवेना. तर ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी तिला पोरगं गहाण टाकायला सांगितलं. म्हणाली, "ते मोडायचं नाय ताई. कर्ज काय, फिटतंय. मोडलेलं परत हुबं ऱ्हात नाय." आणि घेतलं कर्ज.

ही तीच आक्का, जी चार वर्षांपूर्वी छातीत धडधडतं म्हणून सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभी होती. ईसीजी साफ. मग मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, आठ महिने गोळ्या चालल्या. रात्री दोन वाजता उठून बसायची, भांडी लावायची, परत काढायची. आता झोपते. घर तेच, नवरा तोच, पगार वाढला तो महागाईने खाल्ला. मी विचारलं तर म्हणाली, "गोळीनं झोप आली, ह्याच्यानं टिकली," आणि पिशवीवर हात ठेवला.

तिच्याच गल्लीत दुसरी एक आहे, गटात नाही. बघायला गेलं तर आक्कापेक्षा बरी. घरात फ्रीज, दारात स्कूटर, दोन तोळे सोनं. फक्त ते सोनं गोल्ड लोनवाल्याच्या तिजोरीत आहे, आणि डोक्यावर तीन कंपन्यांची ग्रुप लोन (एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या बायका बांधील, असं कर्ज). सोमवार, बुधवार, शनिवार असे हप्त्याचे वार. त्या दिवशी ती सकाळपासून दारात उभी असते, पोरांवर खेकसते, कुणाचा फोन वाजला तरी दचकते. वस्तीत या ग्रुप लोनलाही "बचत गट"च म्हणतात, हे मला कळायला वर्ष लागलं. बचत त्यात एका रुपयाची नाही.

तर प्रश्न असा. गरिबी म्हटलं की आपण कमाई किती तेवढंच विचारतो. पण कमाई तीच असताना गाठीला थोडं काही असलं की माणसाच्या डोक्यात खरंच फरक पडतो का? की मी बँकेच्या चष्म्यातून बघते म्हणून मला सगळीकडे शिल्लकच दिसते? कुणाचा अनुभव, अभ्यास असेल तर लिहा.

(मुद्दाम "मालमत्ता" शब्द टाळला आहे. तो उच्चारला की वस्तीतल्या बायका हसतात, त्यांना बंगला दिसतो. त्यांचे शब्द "गाठीला", "पदरात", "मागं काहीतरी".)

____

जुनाट_माणूस

ताई, धागा आवडला. माझी आजी तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी पैसे ठेवायची. घरातल्या एकाही पुरुषाला माहीत नव्हतं आणि तोच त्या पैशाचा उपयोग होता.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री आमच्या चाळीत काय झालं ते अजून आठवतं. पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्यावर दोन-चार दिवसांत घराघरातून बायकांचे डबे बाहेर आले. बदलून घ्यायचे तर नवऱ्याला सांगणं भाग. वरच्या मजल्यावरच्या एका काकूंकडे सव्वीस हजार निघाले. पैसे बुडाले नाहीत, सगळे खात्यात जमा झाले. नवऱ्याच्या खात्यात. त्यानंतर त्या काकू जिन्यात भेटल्या की बोलायच्या नाहीत, नुसत्या खाली बघून जायच्या. काय गेलं होतं त्यांचं? हिशेबाने काहीच नाही.

____

शंकासूर

लेख भावनिक आहे, छान आहे. पण माफ करा, कार्यकारणभाव उलटा असू शकतो. ज्याचं डोकं ठिकाणावर आहे तो बचत करतो. जो आतून खचला आहे तो दुसऱ्या रविवारी चार वाजता सतरंजीवर येऊन बसेलच कशाला? आक्का बरी झाली गोळ्यांनी, बरी झाली म्हणून नियमाने पैसे भरू लागली, आणि श्रेय गेलं पासबुकाला. शिवाय अकरा हजार म्हणजे आजच्या खाजगी इस्पितळात अतिदक्षता विभागाची एखादी रात्र. त्याने कसली सुरक्षितता येते? हा भास आहे.

____

रानवारा

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, काही वर्षं गोव्यात काम केलं आहे. शंकासूर यांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. बाण दोन्ही बाजूंनी जातो. नैराश्यात माणूस कामाला जात नाही, बँकेत जात नाही, आलेलं पत्र उघडत नाही. ओपीडीत मी हे रोज बघतो. पण दुसऱ्या बाजूनेही बाण जातो याचा पुरावा आता बऱ्यापैकी पक्का आहे. २०२० साली 'सायन्स' या संशोधन नियतकालिकात रिडली, राव, शिलबाख आणि विक्रम पटेल यांनी जगभरातले असे अभ्यास एकत्र तपासले. एखाद्या समाजातल्या सगळ्यात गरीब लोकांमध्ये नैराश्य आणि चिंतेचं प्रमाण श्रीमंतांच्या साधारण दीड ते तीन पट असतं, हे तर होतंच. महत्त्वाचं म्हणजे चिठ्ठ्या टाकून ज्यांना रोख रक्कम किंवा मदत दिली, त्यांची मनःस्थिती सुधारली. आणि ज्यांच्या मनावर उपचार केले त्यांचं कामही सुधारलं. (हे पटेल म्हणजे गोव्यात १९९६ साली 'संगात' सुरू करणाऱ्यांपैकी एक. डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवून नैराश्यावर समुपदेशन करून घ्यायचं, हे तिथे करून दाखवलं गेलं.)

पण हे झालं मिळकतीचं. मीराताईंचा प्रश्न गाठीच्या पैशाचा आहे आणि त्याला सगळ्यात जवळचा प्रयोग मला माहीत आहे तो अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातला. २००७ मध्ये जन्मलेली सुमारे २,७०० बाळं घेतली. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांच्या नावे हजार-हजार डॉलर शिक्षणासाठी खात्यात टाकले. लक्षात घ्या, आईला त्या पैशाला हात लावता येत नव्हता. त्याने ना भाडं भरता येत होतं, ना किराणा. तरी बाळं चारेक वर्षांची झाल्यावर पाहिलं तर खातं मिळालेल्या मुलांच्या आयांमध्ये नैराश्याची लक्षणं थोडी कमी होती. फरक फार मोठा नव्हता, पण होता.

शंकासूर, इथे "डोकं ठिकाणावर होतं म्हणून बचत केली" म्हणायला जागा नाही. त्या आयांनी काहीच केलं नव्हतं, नुसती चिठ्ठी निघाली होती.

____

शंकासूर

>>> आईला त्या पैशाला हात लावता येत नव्हता

हे माहीत नव्हतं. ठीक, एक पाऊल मागे. अकरा हजारांचं मात्र अजून पटलेलं नाही.

____

बालाघाट

मी बीड जिल्ह्यातला, आईबाप दोघं ऊसतोडीला जायचे. आमच्याकडे नवराबायकोच्या जोडीला "एक कोयता" म्हणतात. माणूस मोजायचा नाही, कोयता मोजायचा.

तुम्ही गाठीच्या पैशाबद्दल बोलताय, मी उलट्या गाठीबद्दल लिहितो. दसरा-दिवाळीच्या आधी मुकादम उचल (मजुरीचे आगाऊ पैसे) देतो. ती रक्कम एकदम हातात पडते, घरात चार दिवस सण असतो, जुनी देणी फिटतात, एखादं लग्न उरकतं. पण त्या दिवसापासून तुमचे पुढचे पाच-सहा महिने विकलेले असतात. थळात (मजुरांच्या तळावर) खोपी टाकली की पहाटे तीनला उठायचं आणि प्रत्येक मोळी उचलीतून वजा होत जायची. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. आई आजारी पडली तरी फडात जायची, कारण खाडा पडला की दंड. तिला मी विचारलं होतं, तुला कधी जास्त भीती वाटायची? मला वाटलं बिबट्या म्हणेल. म्हणाली, "बाकी काढायला मुकादम वही उघडायचा तवा."

एक मात्र बघितलंय. आमच्या टोळीत ज्यांची स्वतःची बैलं होती ते गाडीवान आणि ज्यांना कारखान्याची टायरगाडी भाड्याने घ्यावी लागायची किंवा नुसतं डोक्यावर मोळ्या वाहणारे, यांच्या चालण्यात फरक असायचा. कमाईत तसा फार नाही, कारण बैलांचा चाराही असतोच. पण बैलवाला मुकादमाशी वर बघून बोलायचा. "नाही जमलं तर बैल विकून उचल फेकीन तोंडावर" असं एकदा बापाने म्हटलेलं मी ऐकलंय. विकली नाहीत कधीच. पण म्हणता येत होतं.

____

मीरा_सहकारनगर

बालाघाट, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. "म्हणता येत होतं." आक्काच्या त्या पिशवीचं मला जे सांगता येत नव्हतं ते हेच. चार घरांपैकी एका घरची बाई तिला फार बोलायची. गेल्या वर्षी आक्काने ते घर सोडलं. नवीन घर मिळायला दीड महिना लागला. तेवढ्यात पासबुकातला एक रुपया काढला नाही. पण काढता आला असता, म्हणून सोडता आलं.

शंकासूर, तुमच्या अतिदक्षता विभागाच्या हिशेबाला माझं उत्तर असं, की गरिबाच्या घरात मोठी संकटं वर्षातून एकदा येतात आणि छोटी दर पंधरवड्याला. गॅसची टाकी, आठशेचं औषध, शाळेचा प्रोजेक्ट, सासरच्या कुणाच्या दहाव्याला जायचं एसटीचं भाडं. माणसाला पोखरतात त्या या छोट्या. त्यांना अकरा हजार भरपूर पुरतात.

____

आकडेमोड

रानवारा यांच्याच 'सायन्स'मधला आणखी एक अभ्यास, २०१३ चा. आपल्या विषयाला उसाचा संदर्भ आलाच आहे म्हणून. मुल्लैनाथन, शफीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूतले ४६४ ऊस उत्पादक शेतकरी घेतले (तोडणारे नव्हेत, पिकवणारे). तोच शेतकरी तोडणीच्या आधी आणि तोडणीचे पैसे आल्यावर. आधी घरातलं किडूकमिडूक गहाण पडलेलं, डोक्यावर कर्ज. नंतर हात मोकळे. तोडणीआधी त्याच माणसाला तर्काच्या कोड्यांमध्ये कमी गुण मिळाले. अक्कल तीच, पण अर्धी पैशाच्या विचारात अडकलेली.

आणि मीराताईंच्या त्या दुसऱ्या शेजारणीबद्दल. सिंगापूरमध्ये एका संस्थेने गरीब कुटुंबांची थकलेली देणी फेडून दिली, त्यातल्या १९६ जणांचा अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. चिंता कमी झाली, हे अपेक्षितच. अनपेक्षित हे की किती डॉलर फिटले यापेक्षा किती खाती बंद झाली याचा परिणाम जास्त दिसला. तेवढ्याच पैशात एकाऐवजी तीन देणी मिटली तर डोकं जास्त मोकळं. सोमवार, बुधवार, शनिवार यातला एक वार जरी सुटला तरी त्या बाईला फरक पडेल, असा माझा अंदाज.

____

सही_शिक्का

बँकेत आहे म्हणून कामाचं सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचं विनातारण कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स. अशा कुटुंबाचे सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. वसुलीला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर जायचं नाही. शिवीगाळ, शेजाऱ्यांसमोर बोभाटा, काही चालत नाही. ताई, त्या शेजारणीला हे सांगा.

____

मीरा_सहकारनगर

सांगितलं. म्हणाली, "मॅडम ओरडत नाहीत हो. मॅडम नुसत्या बसून राहतात. बाकीच्या नऊ बायकाही बसून राहतात, माझा हप्ता येईपर्यंत." याला कुठला नियम लावायचा?

____

पतपेढीचा_पोरगा

इथे सगळे गाठीच्या पैशाचं कौतुक करताहेत म्हणून कडू लिहितो. माझे वडील रिक्षा चालवायचे. बावीस वर्षं रोज संध्याकाळी पिग्मीवाल्याकडे पन्नास रुपये द्यायचे. आमच्या तालुक्यातली पतसंस्था, नाव लिहीत नाही. एक दिवस शटर खाली. आमचे एक लाख नव्वद हजार आत.

पगार गेला तर माणूस दुसरीकडे काम शोधतो. इथे शोधायला काही नव्हतं. वडील रिकामी रिक्षा घेऊन रोज त्या शटरसमोर जाऊन उभे राहायचे. प्रवासी बसला तर "गाडी खाली नाही" म्हणायचे. जेवणात मीठ नसलं तरी कळायचं नाही त्यांना. आम्ही डॉक्टरकडे नेईपर्यंत वर्ष गेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणी वारलंय का? आई म्हणाली, हो, तसंच समजा.

बँकेतल्या ठेवीवर पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. २०२० मध्ये ते एक लाखाचं पाच लाख झालं. पण पतसंस्थेतल्या ठेवीला ते लागू नाही, आणि पाटीवर "सहकारी" वाचून लोकांना फरक कळत नाही. कृपया हे ज्याला त्याला सांगा.

____

रानवारा

पतपेढीचा_पोरगा, वडील आता कसे आहेत? अशा नुकसानाचं दुःख खरंच मृत्यूसारखं असतं आणि लोक त्याला "पैशाचं टेन्शन" म्हणून उडवून लावतात. त्यात स्वतःचाच राग असतो: मीच ठेवले, मीच विश्वास ठेवला. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असं चाललं असेल, कुणी "आता जगून काय करू" असं बोलत असेल तर वाट बघू नका. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

____

पतपेढीचा_पोरगा

बरे आहेत. आता शाळेची व्हॅन चालवतात. पैसे मात्र उशीखाली ठेवतात, कितीही सांगा.

____

आंबोळी

आमच्याकडे मालमत्ता भरपूर. सातबाऱ्यावर एकतीस नावं, त्यातली अकरा वारलेली, चार मुंबईत, एक दुबईत. मधल्या काकांच्या वाट्याला कागदावर सव्वा एकर कलमं येतात आणि त्यापायी त्यांना रक्तदाब, मधुमेह आणि तीन भाऊबंदांशी अबोला आला. विकता येत नाही, कसता येत नाही, सोडवत नाही. आक्काच्या पासबुकाशी अदलाबदल करायला ते तयार होतील.

____

मिसूरीकर

मी अमेरिकेत सेंट लुईसला एका सार्वजनिक दवाखान्यात समाजकार्यकर्ती आहे. "गरिबांना नुसती मिळकत देऊन भागत नाही, साठवायला मदत करा" हे मायकेल शेराडन यांनी १९९१ मध्ये मांडलं ते इथल्याच वॉशिंग्टन विद्यापीठातून, आणि वर आलेला ओक्लाहोमाचा प्रयोगही त्याच मंडळींचा.

पण त्याच देशाचा दुसरा नियम ऐका. कमी उत्पन्नाच्या अपंग आणि वृद्धांना इथे केंद्र सरकारकडून दरमहा एक भत्ता मिळतो, एसएसआय म्हणतात. गंभीर मानसिक आजाराचे माझे बरेच रुग्ण त्यावर जगतात. अट अशी की एकट्या माणसाकडे दोन हजार डॉलरपेक्षा जास्त शिल्लक असता कामा नये. हा आकडा १९८९ पासून बदललेला नाही! राहतं घर आणि एक गाडी मोजत नाहीत, पण खात्यातला पैसा मोजतात. त्यामुळे माझा एक रुग्ण महिनाअखेर माझ्याकडे येतो तो विचारायला, की खात्यात १,९४० झालेत, काय विकत घेऊ? स्किझोफ्रेनियाचा माणूस. त्याला भीती आवाजांची कमी आणि शिल्लक वाढण्याची जास्त. काही अपंगांना वेगळं बचत खातं उघडायची सोय आता आहे, पण अपंगत्व कितव्या वर्षी आलं याच्या अटीत ती अडकते.

आक्काला कुणी सांगितलं असतं, की अकरा हजारांच्या वर गेलीस तर रेशन बंद, तर?

____

शंकासूर

हे भयंकर आहे. म्हणजे आजारी आहेस म्हणून पैसे देतो, आणि बरं करू शकेल अशी एक गोष्ट जमवलीस तर काढून घेतो.

____

निवांत_नीता

मग आपल्या लाडक्या बहिणीचे दीड हजार कशात धरायचे? मिळकत की गाठीचे? आमच्या कामवाल्या मावशींनी त्यातून पोस्टात आरडी उघडली आहे, पाचशेची. बाकीचे हजार घरात जातात. नवऱ्याला वाटतं सगळे घरातच येतात. :)

____

कट्टर_पुणेकर

निवडणुकीच्या तोंडावर वाटलेले पैसे ते, त्याचं काय कौतुक

____

संपादक_मंडळ

राजकारणासाठी वेगळा विभाग आहे. पुढचे तीन प्रतिसाद उडवले आहेत.

____

निवांत_नीता

माझा मुद्दा राजकीय नव्हता हो. मावशी म्हणतात, या पैशाची तारीख चुकली की जीव वरखाली होतो. आरडीचं तसं नाही. "ती माझी मी भरते." पोस्टाच्या आरडीची कुणाला माहिती आहे का? मध्येच गरज पडली तर?

____

सही_शिक्का

पोस्टाची आरडी महिना शंभर रुपयांपासून, पाच वर्षांची. बारा हप्ते भरले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं. मोडायची असेल तर तीन वर्षांनंतर, आणि मग व्याज बचत खात्याच्या दराने. खातं त्यांच्या एकटीच्या नावावर आहे ना, एवढं बघा.

____

रानवारा

मोडू न देणं आणि अडीनडीला हात पोचणं, दोन्ही एकाच वेळी हवं असतं, हे बघा. वरवर विसंगत वाटतं. आक्काने गटातून कर्ज घेतलं तेव्हा नेमकं हेच साधलं. पाच हजार मिळाले आणि अकरा हजार जागेवर राहिले. मीराताई, तुम्ही जे शंभर रुपये वाया गेले म्हणता, माझ्या ओपीडीत तेवढ्यात गोळ्यांची एक स्ट्रिप येते.

मात्र एक. नुसती मालमत्ता हातात देऊन भागत नाही. २०१५ मध्ये सहा देशांतल्या दहा हजारांवर अतिगरीब लोकांवरचा एक अभ्यास आला. आपल्याकडे पश्चिम बंगालमध्ये झाला. शेळ्या, गाय असं काही दिलं, पण त्याबरोबर काही महिने खर्चाला पैसे, प्रशिक्षण, बचतीची सवय आणि दर आठवड्याला घरी येणारं माणूस. मनःस्थिती सुधारली ती या सगळ्यामुळे. नाशिकच्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' नावाचा उपक्रम झाला, पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राचा. तिथे गावातलीच माणसं खचलेल्यांशी बोलायची आणि त्यांना सरकारी योजनांचे कागदही करायला मदत करायची. गप्पा आणि कागद एकाच माणसाकडे. मला तर वाटतं तुमच्या सतरंजीवर न ठरवता असंच काहीसं चालतं. पासबुकाचं श्रेय थोडं त्या सतरंजीलाही द्या.

____

मीरा_सहकारनगर

डॉक्टर, हे मनाला लागलं, चांगल्या अर्थाने. खरं सांगायचं तर मी सतरंजीला कधी हिशेबात धरलंच नव्हतं. चहा कुणी करायचा यावरून तिथे दर महिन्याला भांडण होतं, मला ते वेळेचा अपव्यय वाटायचं.

काल दुसरा रविवार होता म्हणून लिहिते. ती शेजारीण आली होती. सभासद व्हायला नव्हे, नुसती दारात उभी. तिचं बुधवारचं कर्ज संपायला चार हप्ते राहिलेत. आक्काने तिला आत बोलावलं, चहा दिला, आणि मला म्हणाली, "ताई, हिचं नाव आत्ता नका लिहू. चार आठवड्यांनी लिहा." आता वहीत पेन्सिलीने एक आद्याक्षर घालून ठेवलंय.

मग आक्काने कर्जाचा हप्ता दिला, महिन्याचे दोनशे दिले, पिशवीतून पासबुक काढलं.

"ताई, माझं किती झालं वो?"

अकरा हजार पाचशे चाळीस, आक्का.